आत काही नसलेला लॅपटॉप

क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या क्रोम ब्राउझरभोवती उभारलेला लॅपटॉप, घेऊ का, असं मला अधूनमधून कुणीतरी विचारतं. मी बरीच वर्षं तेच वापरते हे ओळखीच्यांना ठाऊक आहे, आणि माझं काम लिहिण्या-वाचण्याचं, त्यामुळे मला यातलं बरंच कळतं असा एक गोड गैरसमजही आहे. विचारणाऱ्याला माझं मत फारसं नको असतं. त्याला हवी असते यादी. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे, खाली वजाबाकी, आणि जे उरेल त्यावर निर्णय.

अशी यादी करायला बसले की माझी गाडी दरवेळी एकाच जागी अडते. डावीकडे लिहिलं, ‘हरवला तरी आपलं काही जात नाही.’ मोठाच फायदा. जरा वेळाने तीच ओळ पुन्हा वाचली की ती उजवीकडेही लिहावीशी वाटते, कारण जाण्यासारखं आपलं त्यात काही नसतंच. ‘अपडेट आपोआप होतं’ हे डावीकडे. ते कधी थांबायचं हेही आपल्याला न विचारता ठरलेलं असतं, म्हणजे पुन्हा उजवीकडे. हे यंत्र बनवणाऱ्यांनी एकच मोठा निर्णय घेतला: माणसाचं काही यंत्रात ठेवायचं नाही. पुढे जे बरंवाईट झालं ते सगळं त्या एका निर्णयाच्या पोटातून आलं. त्यामुळे चांगलं तेवढं ठेवून वाईट तेवढं काढा, असं इथे करता येत नाही.

कल्पना तशी जुनीच. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या शताब्दी समारंभात संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी बोलून दाखवलं होतं, की टेलिफोनसारखी संगणनाचीही एक दिवस सार्वजनिक सेवा होईल. १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीच्या जॉन गेज यांनी ‘नेटवर्क हाच संगणक’ अशी घोषणा दिली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीचे लॅरी एलिसन ‘नेटवर्क कॉम्प्युटर’ घेऊन पुढे आले. त्याला स्वतःची डिस्क नाही, सगळा कारभार पलीकडच्या सर्व्हरवर. तो काही चालला नाही. तेव्हा घरोघरी नेट यायचं ते टेलिफोनच्या तारेवरून, मोडेमच्या किंकाळ्या ऐकत. आणि तेवढ्यात साधे पीसीही स्वस्त होत गेले. मग डिस्क नसलेलं यंत्र घ्यायचं कशाला?

मधल्या काळात ब्राउझर मोठा झाला. २००४ मध्ये जीमेल आलं. २००६ मध्ये गूगलने रायटली नावाचा, ब्राउझरमध्येच लिहिण्याचा प्रोग्रॅम विकत घेतला आणि त्यातून डॉक्स उभं राहिलं. २००८ मध्ये क्रोम आला, आणि जुलै २००९ मध्ये ब्राउझरलाच ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्र चालवणारी मूळ प्रणाली, करण्याची घोषणा झाली. खाली लिनक्स या मुक्त प्रणालीचा गाभा, वर क्रोम, मध्ये फारसं काही नाही. डिसेंबर २०१० मध्ये चाचणीसाठी जी यंत्रं वाटली ती काळी कुळकुळीत होती, त्यांच्यावर कुठलाही छाप नव्हता, आणि त्यांना नाव दिलं होतं सीआर-४८. क्रोमियम या धातूच्या एका अस्थिर समस्थानिकाचं हे नाव. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं विरून जायला लागणारा वेळ, पुरतं एक दिवसही नाही. (नाव ठेवणाऱ्याला विनोदाचं अंग होतं, किंवा दूरदृष्टी.) प्रत्यक्ष विक्री जून २०११ मध्ये सुरू झाली, सॅमसंग आणि एसरच्या यंत्रांनी. साठवण १६ जीबी. साधे लॅपटॉप तेव्हा शेकडो जीबी मिरवत होते, आणि इथे कंपनी सांगत होती की तुम्हाला जागा लागतेच कशाला.

आधी जे निखळ सुख आहे ते सांगून टाकते. पातळ, बरं क्रोमबुक सव्वा किलोच्या आसपास भरतं. सव्वा आणि सव्वादोन किलोंतला फरक दुकानात हातावर तोलून कळत नाही, तो संध्याकाळी खांद्याला कळतो. बॅटरी बहुतेकदा दिवसभराचं काम काढते. बऱ्याच नव्या मॉडेलना यूएसबी-सी चालतं, त्यामुळे पिशवीत चार्जरही एकच.

पण वजनाहून मला प्रिय आहे ती शांतता. साध्या क्रोमबुकमध्ये बहुधा पंखाच नसतो. प्रोसेसर कमी वीज खातो म्हणून तापत नाही, तापत नाही म्हणून पंखा नको, पंखा नाही म्हणून हवेची भोकं नकोत, आणि फिरणारी डिस्क तर नाहीच. माझा आधीचा लॅपटॉप वाक्य सुचता सुचता मध्येच घोंघावायला लागायचा. मी थांबायचे. हा एवढा कसला विचार करतोय? नंतर कळायचं, अँटिव्हायरस डिस्क झाडून काढतोय. क्रोमबुकवर पहिल्यांदा रात्री लिहायला बसले तेव्हा कळांचा आवाज ऐकू आला, आणि मला तो इतकी वर्षं ऐकूच आला नव्हता.

कीबोर्डवरही यंत्राचा स्वभाव लिहिलेला आहे. कॅप्स लॉक नाही; त्या जागी शोधाची कळ. एफ-१ ते एफ-१२ ही पलटण गायब. तिच्या जागी मागे जा, पान पुन्हा आणा, पूर्ण पडदा, खिडक्या दाखवा, मग उजेड आणि आवाज. सगळी ओळ ब्राउझर चालवण्यासाठी. डिलीटची स्वतंत्र कळसुद्धा बहुतेक मॉडेलांवर नसते. शोधाची कळ धरून बॅकस्पेस दाबलं की ते काम होतं, आणि शोध धरून डावा-उजवा बाण दाबला की ओळीच्या सुरुवातीला किंवा शेवटी जाता येतं. बोटांना सवय लागेपर्यंत चिडचिड होते. सवय लागली की दुसऱ्याच्या लॅपटॉपवर बसल्यावर चिडचिड होते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. माझं एक क्रोमबुक पाणी सांडून गेलं. कीबोर्डमध्ये ग्लासभर पाणी मुरलं, पडदा एकदा लुकलुकला, आणि नंतर ते उठलंच नाही. काम तर अंगावर. धाकट्या भावाकडे एक जुनं क्रोमबुक पडून होतं, तो ते घेऊन आला. म्हणाला, “ताई, तुझ्या खात्याने आत शिर.” मी पासवर्ड टाकला, फोनवर आलेल्या विचारणेला हो म्हटलं. थोड्या वेळात माझा वॉलपेपर आला. मग बुकमार्क, मग एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) एकेक करून आपापल्या जागी बसली. इतिहासात आदल्या रात्रीचे उघडे टॅब होते. लेख उघडला तर अर्धवट सोडलेलं वाक्य तसंच अर्धवट.

“झालं? एवढंच?” भावाने विचारलं.

एवढंच. त्याचा एक लॅपटॉप गेला होता तेव्हाचा प्रकार आम्हा दोघांनाही आठवत होता. डिस्क बाहेर काढ, दुसऱ्या मशीनला लाव, ती कटकट आवाज करते का बघ, कुणीतरी ‘जेवढं निघेल तेवढं काढून देतो’ म्हणणारा माणूस शोध. घरात आठवडाभर सुतक असल्यासारखं वातावरण. माझं यंत्र गेलं आणि कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मला सुटका वाटली. थोडं विचित्रही वाटलं, कारण ज्या वस्तूवर मी इतकं लिहिलं तिच्याशी माझं नातं शून्य निघालं होतं.

एक गोष्ट मात्र आली नाही: डाउनलोड्स. क्रोमबुकच्या फाइल्स ॲपमध्ये एका बाजूला गूगल ड्राइव्ह दिसतं आणि एका बाजूला ‘माय फाइल्स’, त्यात डाउनलोड्स. नवख्याला दोन्ही सारखेच फोल्डर वाटतात. पण मूळ मांडणीत ड्राइव्हमधलं सगळं पलीकडे असतं, आणि डाउनलोड्समधलं तेवढं खरोखर यंत्राच्या आत. ते आपोआप वर जात नाही. त्यात माझी काही तिकिटं आणि सही करून स्कॅन केलेला एक करारनामा होता. तो परत मिळवायला साठवणीची चिप काढून दुसरीकडे लावावी, तर स्वस्त क्रोमबुकांत ती मदरबोर्डवरच डकवलेली असते. आणि निघाली असती तरी वाचता आली नसती, कारण तिच्यावरचं प्रत्येकाचं सामान त्याच्या त्याच्या किल्लीने कुलूपबंद असतं. चोराच्या हाती लागलं तर फार चांगली सोय. इथे चोर नव्हता, मीच होते. म्हणजे ढगात, क्लाउडमध्ये, गूगलच्या सर्व्हरवर होतं ते सगळं वाचलं, आणि ज्या एकाच गोष्टीला मी ‘माझ्याजवळ आहे’ म्हणू शकत होते तीच बुडाली.

याच्या उलट बाजूचं दर्शन मला भावाच्या विंडोज मशीनवर झालं. तिथे ड्राइव्ह जोडलेलं होतं आणि माझे लेख एका फोल्डरमध्ये रांगेने दिसत होते, प्रत्येकाच्या शेपटीला ‘जीडॉक’. मला वाटलं, बरं झालं, हे सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावं. लेख चांगले लांबलचक, पण फाइल बघावी तर काहीशे बाइटांची. शंका आली म्हणून एक फाइल नोटपॅडमध्ये उघडली. आत लेख नव्हता. सुरुवातीला मोठ्या अक्षरांत ताकीद होती, की या फाइलीत बदल करू नका, केलेले बदल टिकणार नाहीत. मग अक्षरं आणि आकड्यांची एक लांब माळ, म्हणजे त्या कागदाचा पलीकडचा क्रमांक. मग माझा ईमेल पत्ता. बस्स.

मी त्या चार ओळींकडे बराच वेळ बघत बसले. महिनोन् महिने ज्याला मी ‘माझी फाइल’ म्हणत होते ती फक्त पत्ता होती. असे पत्ते पेन ड्राइव्हवर कितीही उतरवले तरी घर काही हातात येत नाही. लेख खरोखर उतरवायचा तर तो वर्ड किंवा पीडीएफ करून घ्यावा लागतो, किंवा टेकआउट नावाच्या गूगलच्याच सेवेतून सगळं एकदम मागवावं लागतं. ही सेवा २०११ पासून आहे आणि चांगली आहे. पण आपण ती मागवत नाही, कारण रोज सगळं समोर दिसत असतं. जे रोज दिसतं त्याची प्रत कोण काढून ठेवतो?

नेट नसताना काय, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. मला तो तितका मोठा वाटत नाही. सुरुवातीच्या क्रोमबुकांवर नेट गेलं की हात चोळत बसायची वेळ यायची, हे खरं. आता डॉक्स, मेल, कॅलेंडर ऑफलाइन चालतात. नेट नसताना केलेले बदल ब्राउझरच्या पोटात साठतात आणि नेट आलं की वर जातात. खोच एवढीच, की ही सोय नेट असतानाच चालू करून ठेवावी लागते आणि हव्या त्या फाइली आधी निवडाव्या लागतात. म्हणजे नेट कुठे नसेल याचा अंदाज आदल्या दिवशी बांधायचा. प्रवासाला निघताना कपड्यांबरोबर आता कागदही भरावे लागतात. ढगावर सगळं ठेवल्यावर हे भरणं सुटेल, अशी माझी समजूत होती.

खरी अडचण नेटची नाही, खात्याची. यंत्र रिकामं झालं तेव्हा त्याचं सगळं महत्त्व खात्यात गेलं. क्रोमबुक कुठलंही चालेल, खातं मात्र तेच हवं. १४ डिसेंबर २०२० रोजी गूगलच्या सेवा जगभर पाऊण तासाच्या आसपास बंद पडल्या. कारण पुढे जाहीर झालं. माणसाची ओळख पटवणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेला जी क्षमता मिळायला हवी ती स्वयंचलित वाटपातल्या गोंधळाने कमी झाली होती. मेल, कागद, व्हिडिओ सगळं जागच्या जागी शाबूत होतं. बंद होता तो फक्त ‘तुम्ही कोण?’ विचारणारा विभाग. गंमत अशी, की खात्यातून बाहेर पडून परक्यासारखं यूट्यूब उघडलं तर ते चालत होतं. ज्यांनी आपली ओळख दिली होती तेच दाराबाहेर, आणि अनोळखी माणूस आत.

ते पाऊण तासात निभावलं. पण ‘तुम्ही कोण?’ला उत्तर देता न येण्याची वेळ एकट्यादुकट्यावरही येते, आणि तेव्हा बातमी होत नाही. फोन हरवला, त्याच फोनवर पडताळणीचा संकेत यायचा होता, आणि खातं परत मिळवायला दिलेला दुसरा ईमेल केव्हाच बंद झालेला. अशा वेळी समोर असलेला सव्वा किलोचा चकचकीत लॅपटॉप निव्वळ शोभेचा. यावर उपाय आहेत: छापून ठेवायचे राखीव संकेत, यूएसबीत खुपसायची सुरक्षा-किल्ली, चालू असलेला दुसरा पत्ता. यातलं एकही क्रोमबुकबरोबर खोक्यात येत नाही. आपल्यालाच करावं लागतं. हल्ली कुणी यंत्र दाखवायला आणलं की मी त्याचा प्रोसेसर विचारत नाही, राखीव संकेत कुठे ठेवलेत ते विचारते. लोक जरा नाराज होतात.

खात्याचे नियमही खात्याच्या मालकाचे. फुकट मिळणारे १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत वाटून असतात. ते भरले की नवे मेल येणंच थांबतं. फोटोंची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ला बंद झाली. वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरलंच नाही तर ते पुसलं जाऊ शकतं, असा नियम २०२३ मध्ये आला. या सगळ्यामागे कारणं आहेत, जागेला खर्च येतो, मी कुणाला दोष देत नाही. पण कपाटातल्या डिस्कवर कधी असा नियम लागू होत नव्हता. ती धूळ खात पडायची, कुणी विचारायचं नाही.

माणूस गेल्यावर काय, हाही प्रश्न त्यातलाच. डिस्क घरच्यांना मिळते. खातं तसं मिळत नाही. २०१३ पासून ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची एक सोय आहे. आपण ठरवून दिलेले महिने खातं निपचित राहिलं तर आपण नेमलेल्या माणसांना कळवलं जातं आणि परवानगी दिली असेल तेवढा ऐवज त्यांना उतरवून घेता येतो. मी तो अर्ज भरला. नाव भावाचं दिलं. तीन महिने की सहा की बारा की अठरा, असा प्रश्न आला तेव्हा मी थबकले. आपल्या शांततेला किती महिन्यांनी मृत्यू समजायचं, हे असं यादीतून निवडायची पाळी याआधी आली नव्हती. मी अठरा निवडले. माझा आळस मला ठाऊक आहे.

ढग म्हणजे काय, हेही एकदा बघून घ्यावं. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या एका बिघाडात सुमारे ०.०२ टक्के लोकांच्या पेट्या रिकाम्या दिसायला लागल्या. त्यांचे मेल परत आले ते चुंबकीय टेपवरून. टेप! जुन्या पद्धतीची, कपाटात ठेवलेली, वायरींपासून लांब. आणि १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत पार जळून गेली. काही ग्राहकांच्या बॅकअपच्या प्रतीही त्याच आवारात होत्या. शेवटी ढगालाही भिंती असतात, छप्पर असतं, वायरिंग असतं. फरक असा, की ती मंडळी आपल्यापेक्षा कितीतरी नेटाने प्रती काढतात. माझ्या घरच्या डिस्कचा मी टेपवर बॅकअप घेतला असता का? नाव सोडा. तेव्हा या बाबतीत सरासरी माणसाला ढगच बरा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

सुरक्षेचंही तसंच. चालू होताना क्रोमबुक आपली प्रत्येक पायरी तपासतं: पुढचा तुकडा मूळचाच आहे ना, त्यावर खरी सही आहे ना. ऑपरेटिंग सिस्टिमच्या दोन प्रती शेजारी शेजारी असतात. एक चालू असताना नवं अपडेट गुपचूप दुसऱ्या प्रतीवर बसतं, आणि पुढच्या वेळी चालू करताना यंत्र तिच्यावर उडी मारतं. गडबड झाली तर पहिली आहेच. ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका’ या निळ्या पडद्यासमोर काढलेली माझ्या आयुष्यातली घटकांमागून घटका आठवली की मला या मांडणीला दंडवत घालावासा वाटतो. ओळखीपाळखीचे व्हायरस इथे चालत नाहीत, कारण बाहेरून आणलेली विंडोजच्या प्रोग्रॅमची ‘ईएक्सई’ फाइल इथे चालतच नाही. तीच गोष्ट उलटून: बाहेरून आणलेलं आपल्या कामाचं सॉफ्टवेअरही चालत नाही. आणि एक दार उघडंच राहतं, ते म्हणजे एक्स्टेन्शन. ‘सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी मागणारं एखादं फुकटचं कूपन-शोधक आपण हसतमुखाने आत घेतो. तपासलेल्या, सही केलेल्या, अभेद्य यंत्रात आपलं सगळं कामकाज ब्राउझरमध्येच चालतं, आणि त्या कूपन-शोधकालाही नेमकं तेवढंच वाचायचं असतं.

माझ्या भावाला क्रोमबुक का चालत नाही ते लिहायला एक ओळ पुरे. तो व्हिडिओ कापतो. तासाभराचं चित्रीकरण शेकडो जीबीत जातं, ते ढगावर चढवता चढवता दिवस मावळतो. त्याच्या लेखी माझं यंत्र म्हणजे फोनला कीबोर्ड. २०१६ मध्ये क्रोमबुकांवर अँड्रॉइड ॲप आणायची घोषणा झाली, २०१८ मध्ये लिनक्सचे प्रोग्रॅमही बसवता यायला लागले. आत काही ठेवायचं नाही म्हणून जन्मलेल्या यंत्रात आत ठेवायची सोय थोडी थोडी परत आली, कारण लोक मागत राहिले. मी लिनक्स चालू करून पाहिलं. चालतं. पण ४ जीबी रॅमच्या (रॅम म्हणजे चालू काम धरून ठेवणारी स्मृती) यंत्रावर त्याची कुचंबणा बघवत नाही.

या रॅमबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण दुकानदार बोलत नाहीत. ‘यात फक्त ब्राउझर चालतो, मग ४ जीबी पुष्कळ झाली’ हे वाक्य २०११ साली खरं होतं. तेव्हाचं वेबपान हलकं होतं. आज एकेक मेलपेटी, एकेक चॅट, एकेक बातमीचं पान म्हणजे पूर्ण प्रोग्रॅम असतो, वर जाहिरातींचं लटांबर वेगळंच. यंत्र हलकं राहिलं आणि वेब जड झालं. रॅम अपुरी पडली की क्रोम मागे राहिलेले टॅब मुकाट सोडून देतो. आपण परत तिथे गेलो की पान पुन्हा पहिल्यापासून उघडतं. बातमी वाचत असाल तर काही बिघडत नाही. एखादा लांबलचक अर्ज भरत असाल, मध्येच आकडा बघायला चार टॅब फिरून आलात, आणि परतल्यावर सगळे रकाने कोरे दिसले, तर तोंडून काय निघतं ते इथे लिहीत नाही. रॅम नंतर वाढवता येत नाही, तीही बहुधा डकवलेलीच. म्हणून घेणाऱ्याला मी एकच हटवादी सल्ला देते: पडदा लहान घ्या, रंग नावडता घ्या, पण ८ जीबीच्या खाली जाऊ नका.

छपाईचं दुखणं आता बरंचसं मिटलंय. पण त्याची कथा सांगण्यासारखी आहे. सुरुवातीला क्रोमबुक थेट प्रिंटरशी बोलतच नसे. शेजारच्या टेबलावरच्या प्रिंटरला कागद पाठवायचा तर तो आधी गूगलच्या सर्व्हरवर जायचा आणि तिथून उलटा यायचा. या सेवेचं नाव क्लाउड प्रिंट. ती ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. तोवर यंत्रं थेट छापायला शिकली होती म्हणून निभावलं, पण ज्यांचे प्रिंटर याच सेवेच्या भरवशावर घेतलेले होते त्यांना फेरविचार करावा लागला. प्रिंटर ठणठणीत होता. बंद पडली होती ती सेवा.

आणि शाळा. क्रोमबुकांचा खरा पसारा वाढला तो शाळांत, विशेषतः अमेरिकेत. कारण उघड आहे: शंभर यंत्रं एका जागी बसून सांभाळता येतात, एखादं बिघडलं तर मुलाच्या हातात दुसरं द्यायचं. यंत्र रिकामं असल्याचा याहून मोठा फायदा नाही. पण मग मुलाचं सगळं शाळेच्या खात्यात, खातं एका कंपनीच्या सर्व्हरवर, आणि शाळा सोडली की खातं बंद. चौथीत लिहिलेली गोष्ट वेळेवर उतरवून घेतली नाही तर गेली. जुलै २०२२ मध्ये डेन्मार्कच्या डेटा-संरक्षण यंत्रणेने हेलसिंगोर नगरपालिकेच्या शाळांत क्रोमबुक आणि गूगलच्या सेवा वापरायला मनाई केली. मुलांची माहिती कुठे जाते याचा नीट हिशेब मांडलेला नाही, असा तिचा आक्षेप होता. पुढे मनाई स्थगित झाली, पण विचारलेला प्रश्न योग्यच होता. मोठ्या माणसांनी तो स्वतःला विचारायची पद्धत नाही.

राहिली ती तारीख. प्रत्येक क्रोमबुकला अपडेट मिळण्याची एक शेवटची तारीख असते आणि ती पहिल्या दिवसापासून ठरलेली असते. पूर्वी ही मुदत बरीच तोकडी होती. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने ती १० वर्षं केली, २०२१ पासून बाजारात आलेल्या यंत्रांसाठी. दहा वर्षं म्हणजे लॅपटॉपच्या मानाने उदंड आयुष्य. मात्र मोजणी सुरू होते ती त्या मॉडेलमागची मूळ हार्डवेअर-मांडणी पहिल्यांदा बाजारात आली त्या दिवसापासून, आपण घेतलं त्या दिवसापासून नव्हे. सवलतीत मिळालेलं यंत्र बऱ्याचदा सवलतीत असतं ते याचसाठी. तारीख उलटली तरी यंत्र बंद पडत नाही. पण इथे ब्राउझर आणि सिस्टिम एकत्र बांधलेले, त्यामुळे ब्राउझरही तिथेच गोठतो, आणि हळूहळू एकेक वेबसाइट तोंड फिरवायला लागते.

याची उलटी बाजूही भावानेच दाखवली. त्याचा एक जुना, विंडोजच्या ओझ्याने बसलेला लॅपटॉप होता. त्यावर त्याने क्रोम ओएस फ्लेक्स चढवलं. २०२२ पासून ही प्रणाली जुन्या मशीनसाठी फुकट मिळते; पेन ड्राइव्हवरून बसते. अँड्रॉइड ॲप त्यावर चालत नाहीत, पण मेल आणि लिहिणं झकास. मशीन पुन्हा तरतरीत झालं, आणि ज्या यंत्राला एका कंपनीने म्हातारं ठरवलं त्याला दुसरीने कामावर घेतलं.

माझ्या सध्याच्या क्रोमबुकची तारीख मी परवा सेटिंगमध्ये जाऊन बघितली. जवळ आलीय. पुढचंही हेच घेणार, ८ जीबीचं. भाऊ म्हणाला, “यावेळी तरी खरा लॅपटॉप घे ना.” मी त्याला विचारलं, मला लागणारी अशी कुठली गोष्ट त्यात होईल जी यात होत नाही? त्याने विचार केला आणि म्हणाला, “तुझे लेख तुझ्याजवळ राहतील.” त्याचं बरोबर होतं. त्याच रविवारी टेकआउटमधून सगळं मागवलं, ते तीन झिप फाइलींत आलं, आणि ते एका साध्या, काळ्या, बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. डिस्क भावाच्या कपाटात आहे. नवं क्रोमबुक कुठल्या मॉडेलचं घ्यायचं ते अजून ठरत नाही. जे आवडतं त्याची तारीख लवकरची आहे, आणि ज्याची तारीख लांबची आहे त्याचा कीबोर्ड मला पसंत नाही.